दिव्यांचे खड्डे

ग्लेनार्डीचा महापौर ज्या घरात राहत असेल, त्या घराच्या फाटकापाशी नगरसभेचे दोन दिवे उभे केले जात. ओतीव लोखंडाचे खांब, माथ्यावर निळ्या काचेचे कंदील. स्कॉटलंडहून आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांनी ही रीत सोबत आणली होती आणि तिचा अर्थ शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता: दिवे दिसले की दार ठोठावावे, वेळ पाहू नये. पहिला महापौर खाटीक होता. अंगावरचा डागाळलेला ॲप्रन न सोडताच तो गाऱ्हाणी ऐकत असे. त्याच्यामागून बेकरीवाला आला, गुरांचा डॉक्टर आला, मग एकापाठोपाठ दोन वकील आले. माणसे बदलली तसे दिवे गल्लोगल्ली फिरले. नगरसभेच्या भिंतीवरील फळ्यावर या साऱ्यांची नावे सोनेरी अक्षरांत झळकतात. त्यांच्या घरांची दारे प्रत्यक्षात कोण उघडत असे, याची चौकशी त्या फळ्याने कधी केली नाही.

एफी मकॅस्किलने ते दार चार निवडणुका उघडले. तिचा नवरा हेक्टर भला गृहस्थ होता, आवाज भारदस्त होता. परंतु तो नगरसभेच्या बैठकीत नसला की हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवत असे. येणाऱ्याला एफी स्वयंपाकघरात बसवी, पुढ्यात चहा आणि गरम चीज रोल ठेवी आणि मध्ये न बोलता ऐके. रात्री जेवताना ती म्हणे, "हेक्टर, शाळेपुढचा कठडा मोडलाय." पुढच्या बैठकीत तो कठडा हेक्टरच्या भारदस्त आवाजात उभा राही. "हेक्टरने लगेच बघितलं हं," असे लोक म्हणत. एफीही तसेच म्हणे.

एका शरद ऋतूत हेक्टर हृदयविकाराने गेला. उरलेल्या मुदतीपुरती निवडणूक लढवून खिशाला खार लावायला कोणी तयार नसल्याने मोटारविक्रेता लिंडसे पर्डी बिनविरोध महापौर झाला. शोक करायलाही मुदत असते, असे नगरसभेचे मत असावे. कारण त्याच आठवड्यात नगरसभेचा कामगार रावीरी कुदळ आणि हातगाडी घेऊन एफीच्या फाटकाशी आला.

"मिसेस मॅक, राग मानू नका. हुकूम आहे."

"दिवे माझे थोडेच आहेत, रावीरी? आधी चहा घे, मग खण."

"आधी खणतो. तुमचा चहा प्यायल्यावर या कामाला हात उचलायचा नाही."

खांब निघाले. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन खड्डे राहिले.

"यात सिमेंट घालशील ना?"

"नुसती माती लोटतो. इतके महापौर हलवलेत मी, पक्कं काही करायचं नाही एवढं शिकलोय."

त्या भुसभुशीत मातीत एफीने डॅफोडिलचे कंद लावायला घेतले. हातगाडी ढकलता ढकलता रावीरी मागे वळून म्हणाला, "फार खोल लावू नका." तो बागकामाबद्दल बोलतो आहे, असे तिला वाटले.

पर्डीच्या टेकडीवरील घरापुढे दिवे लागले. त्यांच्या उजेडात त्याची नवी मोटार फार शोभून दिसे. फाटकाला कडी होती, कडीमागे कुत्रा होता आणि कुत्र्याच्या वरच्या बाजूस पाटी होती: तक्रारी लेखी स्वरूपात, कार्यालयाच्या खिडकीवर, कामकाजाच्या वेळेत. आपले गाऱ्हाणे कागदावर उतरवून खिडकीतून आत सरकवण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. कागदाला क्रमांक मिळतो. क्रमांकाला कान नसतात.

हिवाळ्याच्या तोंडी नदीकाठच्या वस्तीतला भाजीमळेवाला एर्नी चोई एफीच्या दारात उभा राहिला. रस्त्याखालची मोरी तुंबली होती. पाणी कोबीत शिरले होते आणि आणखी एक पाऊस झाला असता तर घरात शिरणार होते.

"एर्नी, दिवे आता टेकडीवर आहेत. तिकडे जा."

"गेलो होतो. कुत्रा भेटला."

"मग?"

"त्यानं ऐकून घेतलं. उत्तर नाही दिलं."

एफीला हसू आवरेना. मग ती म्हणाली, "माझ्या हातात आता काही नाही रे."

"तेव्हा तरी कुठं होतं?" चोई सहज म्हणाला आणि त्याने चीज रोल उचलला.

ते वाक्य मात्र तिच्या मनातून हलेना. दुसऱ्या दिवशी ती गमबूट चढवून मोरी पाहून आली आणि नगरसभेच्या बैठकीत लोकांच्या बाकांवरून उठून बोलू लागली. पर्डीने तिला हात वर करून थांबवले.

"मिसेस मकॅस्किल, आपण कोणत्या नात्यानं बोलताय?"

ती खाली बसली. त्या हिवाळ्यात चोईच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. त्याने खिडकीवर दिलेला तक्रारअर्ज विचाराधीनच राहिला. मोरी उपसून घ्यायची तर तिला हक्काचे नाते हवे होते, आणि ते मिळण्याचा मार्ग एकच होता. पुढच्या वर्षीच्या महापौरपदाच्या निवडणुकीसाठी एफीने उमेदवारी अर्ज भरला.

प्रचाराच्या सभेत पर्डी म्हणाला, "मित्रहो, शहर काही स्वयंपाकघरातून चालत नाही."

"मग इतकी वर्षं कुठून चाललं होतं, लिंडसे?" एफीने विचारले.

हशा मागच्या बाकांवरून सुरू झाला. तिथे बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी त्या स्वयंपाकघरात चहा प्यालेला होता. हसणारे सगळेच काही मते देत नाहीत, हा अनुभव आहे. तरीही थोडक्या मतांनी एफी निवडून आली.

सोमवारी सकाळी रावीरी हातगाडीवर दोन्ही खांब घालून आला. डॅफोडिलचा बहर नुकताच ओसरला होता, पाती अजून हिरवी होती.

"कंद कुठं हलवू, मिसेस मॅक?"

"भिंतीकडेला. फार खोल नाहीत ते." ती थबकली. "रावीरी, तुला तेव्हाच ठाऊक होतं का रे?"

"छे हो. मला खणायचा कंटाळा येतो, इतकंच."

"मग ही कुदळ आधी मोरीकडे ने. चल, मीही येते."

"आणि दिवे?"

"राहू देत गाडीवर."

मोरीतला गाळ निघायला आठवडा लागला. तोवर दिवे अंगणात गाडीवरच आडवे पडून होते आणि गाऱ्हाणे घेऊन येणारी माणसे त्यांना वळसा घालून दाराशी येत होती.