अंगणातली माणसं

पदवीनंतर घरांच्या नोंदीचं तात्पुरतं काम मिळालं, तेव्हा पोलादपूरच्या एका डोंगरवाडीत त्या काकी भेटल्या. वाडीतली बहुतेक घरं कुलूपबंद होती. काकी ओटीवर बसून ॲक्रिलिक रंगांनी कॅनव्हासवर आपलंच अंगण रंगवत होत्या. रंग मुंबईला राहणारी त्यांची मुलगी पाठवायची. चित्रात जांभळ्या, पोपटी, पिवळ्या कपड्यांतली अकरा माणसं होती. गणपतीला येतो म्हणालेली सगळी.

विसर्जनानंतर उरलेल्या नोंदींसाठी पुन्हा गेलो. काकी मातीचा लाल रंग लावून एकेक माणूस बुजवत होत्या. पिवळ्या साडीतल्या त्यांच्या मुलीवर रंगाचे दोन हात द्यावे लागले.

“राहू द्या ना, काकी.”

“आलीच नाय, तर ठेवू कशी रे? खोट्या माणसांत बसवत नाय.”

मग त्यांनी माझ्या निळ्या शर्टाकडे पाहिलं.

“तू येशील दिवाळीला?”

“येईन,” मी म्हणालो. त्यांनी लगेच निळा रंग घेतला.

पुढच्याच महिन्यात मला महाडला नोकरी लागली. दिवाळी आईवडिलांसोबत झाली. पाडव्याच्या दुपारी आईने ताटात करंजी वाढली आणि एकदम आठवलं, वाडीत काकी आता लाल रंग कालवत असतील.