वाकड्या चोचीचा चमचा

देवाने माणसाला तोंड दिलं, यावर आमच्या मावशीच्या यजमानांचा कधीच विश्वास बसला नाही. त्यांच्या मते ती चोचच, फक्त जरा मऊ. कोसबाडच्या उताराखाली काकांची चिकूची वाडी; पण चिकूपेक्षा तो कोण कसा खातो, याकडेच त्यांचं लक्ष. पोपटाची चोच अडकित्त्यासारखी, कारण त्याला कवच फोडायचंय. बगळ्याची भाल्यासारखी, कारण मासा काही बोलावून येत नाही. शिंजिराची सुईसारखी, फुलाच्या तळाचा मध गाठायला. या हिशेबात माणसंही बसायची. एकदा मी पोह्यांतले शेंगदाणे तेवढे वेचून खात होतो, तर पाहुण्यांदेखत म्हणाले, "तू बदक रे! सगळा चिखल चाळतोस आणि दाणा तेवढा ठेवतोस." तेव्हा मी दोन मुलांचा बाप होतो. मावसबहिणीला बघायला वाणगावचं स्थळ आलं, तर मुलगा सरबताखेरीज कशाला हात लावीना. काका आत येऊन मावशीच्या कानात कुजबुजले, म्हणजे ओसरीपर्यंत ऐकू गेलं, "शिंजीर आहे हा. या फुलावरून त्या फुलावर जाणार."

"अहो, त्याची दाढ दुखतेय," मावशी म्हणाली.

लग्न झालं. जावई अजून त्याच फुलावर आहे.

पुढे मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेली राहिली, मनगट वळेना. डावा हात ठणठणीत. पण डाव्या हाताने जेवणं तिला मान्य नव्हतं. काका भरवायचे. चार घास झाले की ती मान फिरवायची, "पोट भरलं." सगळ्या वाडीला जेवू घातलेली बाई दुसऱ्याच्या हातून पोटभर खायला लाजत होती, आणि वाळत चालली होती.

काका डहाणूच्या खाडीवर जाऊन बसू लागले. लोकांना वाटलं, म्हातारा बायकोच्या दुखण्याला कंटाळला. ते चोची बघत होते. "पक्ष्याला कुठे हात आहेत? तरी उपाशी राहतो का?" मग घरातले चमचे वाकायला लागले. पहिला चमचा रुंद, चपट्या चोचीचा. त्यातलं वरण मावशीच्या पदरात. दुसरा बगळ्याचा, टोकदार. "भाताची शिकार करू का?" मावशीने विचारलं. शेवटी थंडीत खाडीच्या चिखलात येणाऱ्या, कोयत्यासारख्या वाकड्या चोचीच्या पक्ष्याने वाट दाखवली. खेकड्याचं बीळ जसं वळतं तशी त्याची चोचच वळलेली. काकांनी चमच्याची मान तशीच तोंडाकडे वळवली, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि तो मावशीच्या तळव्याला पट्टीने बांधला.

त्या दुपारी मी तिथेच होतो. मावशीने आपल्या हाताने ताटातला सगळा भात संपवला आणि म्हणाली, "अजून वाढा." काकांनी वाढलं आणि ते मागच्या पडवीत गेले. मी शाबासकी द्यायला गेलो, तर नुसते उभे.

"छान झालं रे," म्हणाले. "आता तिला माझा हात नको." आणि कोरडे हात उगाच पंच्याला पुसले.

तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, पापड या चोचीत बसत नाही. भरवायला या!"

काका जवळजवळ धावलेच. त्या दिवसापासून त्या घरात रोज पापड भाजला जाऊ लागला.

गेल्या थंडीत मावशी गेली. आता मी गेलो की आम्ही दोघेच जेवायला बसतो. काका पापडाचा तुकडा मोडतात, हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे अर्धा जातो, थांबतो. मग तो तुकडा ते स्वतःच खातात, अजिबात आवाज न करता. पापड असाही खाता येतो, हे मला माहीत नव्हतं.