निळं पडलेलं पोलाद

कारखान्यात सगळे त्याला चिमटा म्हणत. तीस वर्षं फिटर, आणि घरी चिमट्याने नखाएवढे भाग उचलून इंजिनांची मॉडेलं जोडायचा नाद. पण हे मॉडेल नादापायी नव्हतं. जनरेटरच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड भर पाळीत तुटला, बिडाचं कवच फोडून बाहेर आला आणि ते चालवणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाचं पोट फाडून गेला. आठवड्याच्या आत इंजिन भंगारात वितळलं. म्हणून चौकशी अधिकाऱ्याने त्याला साक्षीबरोबर मॉडेल आणायला सांगितलं होतं. तुटल्यावर दिसलं तसंच.

सगळी गोम रंगात होती. बिडाला त्याने काळपट लोखंडी दिला, पिस्टनला फिका अॅल्युमिनियम. रॉड ज्याला फिरवतो त्या क्रँकशाफ्टला आधी चकचकीत काळा, वर पोलादी, आणि रॉड बसतो त्या जागी पारदर्शक जांभळ्या-निळ्याचे पातळ हात. तेलाविना फिरलेलं पोलाद तापून असंच निळं पडतं. भावाला उचलताना त्याने ते पाहिलं होतं. त्यावर रक्त चरचरत होतं.

चौकशीच्या सकाळी मेहुणा आला. तो कारखान्यातला फोरमन. धाकट्याने तेल संपत आलंय असं सांगूनही इंजिन बंद करू न देणारा. निळा रंग दिसताच त्याचं तोंड उतरलं. आधी गोडीगुलाबीने म्हणाला, साधा चंदेरी मारा, तुमच्या भावानेच इंजिन ताणलं म्हणा आणि मोकळे व्हा. चिमटा ब्रश धूत राहिला.

"दाजी, माझी नोकरी जाईल."

"त्याचा जीव गेला."

मेहुण्याने मॉडेल फरशीवर आपटलं, बुटाने चिरडलं. चिमट्याने त्याची गचांडी धरली, तर त्याने चिमट्याचा उजवा हात टेबलाच्या कडेवर हाणला. बोटं मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. बायको धावत आली.

"तेल होतं की नव्हतं?" तिने आपल्या भावाला, मेहुण्याला, विचारलं.

"ताई, तू यात पडू नकोस."

तिने टेबलावरची हातोडी उचलून त्याच्या खांद्यावर घातली. तो भेलकांडत दाराबाहेर गेला. मग तिने चुऱ्यातून क्रँकशाफ्ट शोधला. वाकला होता, पण रंग शाबूत होता.

अकराला चौकशीत अधिकाऱ्याने तो हातात फिरवला आणि विचारलं, "हा निळा कशाचा?"

समोर मेहुणा खांदा धरून बसला होता. फडक्यात गुंडाळलेला हात मांडीवर ठेवून चिमटा सांगू लागला.