उंबऱ्यावरचं सोंग

“शिमगा लांब हाय अजून. हे सोंग आत्ताच कशाला आणलंस दारात?”

सावकार बोलला आणि लाकडाच्या डेपोतली माणसं खदखदून हसली. सोंग म्हणजे माझा बा. डेपोचा राखणदार. कचेरीच्या उंबऱ्याशी त्याचे पाय जागच्या जागी थरथरत होते. पुढे पडत नव्हते. अंग वाकलेलं, हात कापतोय, चेहरा कोरा. मीही तिथेच ओंडक्यांची साल काढायचे. हसणाऱ्यांत माझ्याबरोबर भाकरी खाणाऱ्या बायकाही होत्या. ते जास्त लागलं.

“दारू प्यालो न्हाई, सावकार,” बा पुटपुटला. “पाय ऐकत न्हाईत.”

खरी पंचाईत पुढेच होती. हाच बा कॅसलरॉकच्या रुळांमधून झपाझप चालायचा. रुळांखालच्या आडव्या लाकडी स्लीपरवर पाय टाकत, धडधाकट गड्यासारखा. सावकाराच्या जागेतली आमची झोपडी रुळाच्या कडेलाच होती. डेपोच्या मुकादमानं त्याला तसं चालताना पाहिलं. रुळावर पळतो, दारात अडतो! मग काय, सोंग हे नावच पडलं. पोरंसोरंही त्याच नावानं हाक मारू लागली.

मी बाला गाडीत घालून बेळगावला नेलं. डॉक्टरच्या दारातही तो अडकला. डॉक्टरांनी फरशीवर बँडेजच्या पट्ट्या आडव्या टाकल्या. बा त्यांवरून सरळ चालत आला. मला वाटलं, आता हाही सोंगच म्हणणार.

डॉक्टर म्हणाले, “ढोंग नाही हे. चालताना मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात. याच्या मेंदूत ते बोलणं तुटतंय. आडव्या रेषा दिसल्या की डोळे मदतीला येतात, मेंदू दुसऱ्या वाटेनं पायांना सांगतो. दारात पुन्हा अडतं. पार्किन्सन म्हणतात याला.”

मी तिथंच रडले. दुःखानं नाही. संतापानं.

परत येऊन सावकाराला सगळं सांगितलं. तो हसला. “रानात राबणाऱ्याला असला साहेबी रोग हुतोय व्हय?”

मग त्यानं अट घातली. देवीच्या उंबऱ्यावर हात ठेवून चारचौघांत म्हणायचं, मी सोंग केलं. तर राखण राहील, झोपडी राहील. नाहीतर चालते व्हा.

बा तयार झाला. डोक्यावरचं छप्पर जाणार म्हटल्यावर दुसरं काय करणार?

देवळापुढं सगळा डेपो जमला. उंबऱ्याशी आल्यावर बाचे पाय पुन्हा रुतले. सावकार ओरडला, “बघा, बघा! देवीच अडवतीया खोटारड्याला!”

लोकांनी हात जोडले. माझ्या बाच्या दुखण्याला त्यांनी देवीचा कौल करून टाकलं. बा कसाबसा खाली वाकला. उंबऱ्यावर हात टेकला. “मी सोंग...”

मी त्याचा हात उचलला.

“न्हाई म्हणायचं, बा.”

“झोपडी जाईल, पोरी.”

“जाऊ दे. आजवर तू सोंग केलं न्हाईस. आत्ता बोललास तर ते सोंग हुईल.”

मी कमरेचा कोयता काढला. देवळाच्या अंगणातल्या लाल मातीत त्याच्या पायांपुढं आडव्या रेघा ओढत गेले. बा त्या रेघांवरून माझ्यामागून चालत अंगणाबाहेर आला. “चालतोय की बघा!” सावकार म्हणाला. लोक पुन्हा हसले. त्याच दिवशी आमची भांडीकुंडी बाहेर पडली.

बा गेला त्याला वर्षं झाली. गावात अजून कुणी सहज बोलून जातं, “त्या सोंगाची पोरगी.” मी असं बोलणाऱ्याच्या वाटेत उभी राहते. माझ्या बाचं नाव घे म्हणते. तो चिडतो, शिव्या देतो, सरक म्हणतो. मी सरकत नाही.

माझे पाय माझं ऐकतात. नाव घेतल्याशिवाय ते हलणार नाहीत.