बोरीकर सरांची आरोग्य रॅली

साथीच्या दिवसांत बोरीकर सर मास्क हनुवटीवर ओढून मुलांना मास्कचं महत्त्व सांगत. नाक-तोंड झाकलं तर आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, ही त्यांची अडचण. मूळचे ते कवायतीचे मास्तर. आरोग्य शिक्षण शाळेनं गळ्यात मारलेलं. दीक्षितपुऱ्यात ते आमचे शेजारी, आणि माझी मुलगी रुचा त्यांच्याच वर्गात. मी रोज पेपरात रुग्णांचे आकडे बघायचो. सर म्हणायचे, "काहून वाचता भाऊ? आकडे पाहूनच माणूस अर्धा आजारी पडते."

साथ ओसरली आणि वरून हवामान बदलाचा विषय आला. सरांनी जुन्याच कापडी बॅनरवर नवी ओळ शिवून घेतली आणि एप्रिलअखेर उष्माघातापासून बचावाची रॅली ठरवली. वेळ दुपारी बाराची, कारण झेंडी दाखवायला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना त्याआधी सवड नव्हती. मी सांगितलं की सावलीतच बेचाळीस अंश आहे, रुचाला उन्हानं चक्कर येते, रॅली सकाळी काढा. सर म्हणाले, "सकाळी ऊनच नसते जी. मग बचाव कशापासून शिकवू?"

रॅलीला मार्क होते आणि रुचाला ते हवे होते. मी छत्री घेऊन रॅलीच्या मागे चाललो.

कमानिया गेटपाशी पाहुण्यांनी गाडीची काच खाली केली, झेंडी दाखवली आणि काच वर केली. सर कोट घालून सगळ्यांत पुढे, घोषणा देत. बाजारात शिरल्यावर ते एकाएकी थांबले आणि म्हणाले, "पोरांनो, जा, सावलीत बसा."

रुचाला तिथेच शंका आली. असंबद्ध बोलणं हे उष्माघाताचं लक्षण, हे सरांनीच शिकवलेलं. आणि त्यांच्या तोंडून इतकं असंबद्ध वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. हात लावला तर अंग तापलेलं, घामाचा थेंब नाही. मुलांनी त्यांना दुकानाच्या ओट्यावर निजवलं, कोट काढला, बॅनर भिजवून अंगावर टाकला. मी अँब्युलन्स बोलावली. आणखी उशीर झाला असता तर सर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या वर्षी सरांनी रॅली सकाळी सहाला काढली. पाहुणे आले नाहीत, म्हणून फोटो नाही. फोटो नाही, म्हणून शाळेच्या लेखी रॅलीच झाली नाही. आरोग्य शिक्षण त्यांच्याकडून काढून घेतलं.

मी हळहळलो. सर पायरीवर बसून चहा पीत होते.

"सगळी पोरं आपल्या पायानं घरी गेली जी," ते म्हणाले. "आता फोटोसाठी कोणाले पाडू?"