आपण जाणार आहोत

वासुदेव खांबेटे यांनी उभं आयुष्य गाड्यांना वाळूतून चालायला शिकवण्यात घालवलं, आणि स्वतः मात्र कधी वाळूत चाक घातलं नाही. जर्मनीत नेकारसुल्मच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ते फोर-व्हील-ड्राइव्हचं सॉफ्टवेअर बसवायचे. ते पारखायला टीम दरवर्षी वाळवंटात जायची आणि वासुदेवांना तिथून येणारे आकडे तपासायला ऑफिसात ठेवायची. "हेर खांबेटे, तुमच्याइतकं बारकाईने दुसरं कोण बघणार?" गोड बोलून माणसाला मागे कसं ठेवावं, हे त्या लोकांकडून शिकावं. पुणेकर निदान तोंडावर अपमान करतो.

मग वासुदेवांनी आपलं वाळवंट घराच्या केलरमध्ये थाटलं. तिथे तळघरात, लोणच्याच्या बरण्यांच्या वर, भिंतीवर ऑस्ट्रेलियाचा नकाशा लावला. कधीकाळी गुरं हाकत न्यायला पाडलेला एक ओसाड रस्ता त्यात लाल पेन्सिलीने ओढलेला होता. वाटेत ना गाव, ना पंप. नुसत्या वाळूच्या टेकड्या. लहानगी शमिका बापाच्या कडेवर बसून तो रस्ता बोटाने गिरवायची आणि म्हणायची, "आपण जाणार!"

शमिकाचं हे 'आपण' भलतंच ऐसपैस होतं. शाळेच्या सहलीहून आली की सांगायची, "आपण ट्रेनने गेलो." तिची आई मनोरमा वैतागायची. "अगं, मी होते का त्या ट्रेनमध्ये? 'आम्ही' म्हण. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आला." जर्मनमध्ये दोन्हींना मिळून एकच 'वीर', पोर गोंधळणारच. "असू दे गं," वासुदेव म्हणायचे, "आपल्याला धरूनच बोलतेय ना?" पुढे ते 'आपण'ही गेलं. मराठी कानात शिरायचं आणि तोंडातून जर्मन बाहेर पडायचं. नोकरीसाठी शमिका रेगेन्सबर्गला गेल्यावर तर फोनवर तब्येतीची चौकशी झाली की संपलं.

आणि एका रविवारी तिचा फोन आला. "बाबा, नेक्स्टस यार फारेन वीर! ऑस्ट्रेलिया!"

पुढच्या वर्षी जायचं! त्या 'वीर'चं मराठी वासुदेवांच्या कानाने परस्पर करून टाकलं.

त्यानंतर त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. दर रविवारी शमिका तासतासभर बोलायची. पाणी किती घ्यायचं, टायर कुठले, गाडी रुतली तर काय? ते खुलून सांगायचे. इतकं तर ती शाळेत असतानाही बोलली नव्हती. "बाजारात तुरी..." असं मनोरमा पुटपुटायची, पण तिलाही बरं वाटत होतं. वासुदेवांनी दुखऱ्या गुडघ्याला व्यायाम सुरू केला. साहेबाकडे लांबलचक रजा मागितली आणि वर ठणकावलं, "मी मुलीबरोबर वाळवंटात चाललोय. आकडे आता तुम्ही तपासा." सगळ्या ऑफिसात बोभाटा झाला.

सरावाला त्यांनी वाळूची एक जुनी खाण शोधली. तिथे पैसे भरून गाड्या चढवता-उतरवता येतात. शनिवारी शमिका आली ती लुकासला घेऊन. हा तिच्याबरोबर राहणारा मित्र. फोटो काढायला आला असेल, असं वासुदेवांना वाटलं. पण तो पुढे शमिकाशेजारी बसला आणि वासुदेव भाड्याच्या जीपमध्ये मागे, गुडघे पोटाशी घेऊन.

पहिल्याच चढाला गाडी रुतली. वासुदेव उतरले, आयुष्यात पहिल्यांदा वाळूत गुडघे टेकले आणि चारही टायरांतली हवा कमी केली. "आता हळू जा. थांबू नकोस." शमिका थांबली नाही. गाडी सरसर वर गेली. खाली उभे राहून वासुदेवांनी टाळ्या वाजवल्या आणि तो चढ धापा टाकत पायी चढले.

वर खाणीचा रखवालदार शमिकाला विचारत होता, ऑस्ट्रेलियाला दोघंच का?

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे, अगदी बरोबर.

वासुदेवांची छाती फुगली. दोघंच, मनोरमा येणार नव्हतीच. "अवघड आहे, पण जमवू आम्ही बापलेक," ते जर्मनमध्ये म्हणाले.

रखवालदाराने लुकासकडे पाहिलं. लुकासने बुटांकडे.

तिथे गप्प बसले असते तर निदान घरापर्यंत शंकेवर भागलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण! "शमिका," त्यांनी मराठीत विचारलं, "आपण ना?"

शमिका लाल झाली. परक्या माणसांसमोर बापाची शोभा होऊ नये म्हणून तीही, कित्येक वर्षांनी, मराठीत बोलली.

"नाही, बाबा. आम्ही."

मग घाईघाईने म्हणाली, "तुम्ही फोनवर सांगा ना सगळं. तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

हे वाक्य वासुदेवांनी याआधी ऐकलेलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि पंप घेऊन टायरांत पुन्हा हवा भरायला बसले. त्यांना रडू येत होतं, आणि सोमवारी साहेबाला काय सांगायचं तेही सुचत नव्हतं.

घरी मनोरमा वाट बघत होती. "काय म्हणाली हो शमिका?"

"'आम्ही' म्हणाली."

"मराठीत?" मनोरमाचा चेहरा उजळला. "बघा! आली की नाही शेवटी वळणावर?"

"आली," वासुदेव बुटांतली वाळू झटकत म्हणाले. "अगदी शुद्ध बोलली."