बारा फुल्या

कबनूरच्या यंत्रमागवाल्या घरातल्या सबिनाला कोल्हापुरात प्रोग्रॅमरची नोकरी पटकन मिळाली, खोली मात्र मिळेना. नाव सांगितलं की जागा नेमकी भरलेली असायची. शेवटी शांतव्वा नावाच्या, नेसरीकडच्या एका लिंगायत विधवेनं तिला माडीवरची खोली दिली. नाव विचारायच्या आधी जेवलीस काय ते विचारलं. पुढं रोज संध्याकाळी जिन्याखालून तीच हाक यायची. सबिनाही त्यांना अव्वा म्हणू लागली.

शांतव्वा कांदालसूण मसाला करून विकायच्या. २००५ साली सबिनाच्या कंपनीनं छोट्या जाहिरातींची मराठी साइट काढली. लोक तिथं जाहिराती कमी आणि एकमेकांचा उद्धार जास्त करू लागले, म्हणून मालकानं शिव्या शोधून झाकायचं काम तिच्याकडं दिलं. ते तिनं दुपारपर्यंत उरकलं आणि त्याच भरात अव्वांच्या मसाल्याची जाहिरात फुकटात चढवली. कोपऱ्यावरचा दुकानदार पिराजी तो मसाला ठेवायचा. त्यानं जाहिरात छापून घेतली आणि न वाचताच दारावर चिकटवली.

कागदावर होतं: 'शांतव्वांचा घरगुती कांदालसूण म××××××××××××'.

"बारा फुल्या!" शेजारची बायडाबाई भर नळावर ओरडली. "एवढी लांब शिवी कोल्हापुरात बी न्हाय की! शांतव्वा, काय लिवलंयस तरी काय?"

जन्मात कुणाला वाकडा शब्द न बोललेली बाई घागर तशीच टाकून घरात येऊन बसली. संध्याकाळी हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सबिनाला रडू फुटलं. खोली जाईल ही भीती होतीच, पण हाक गेली याचं दुःख मोठं होतं.

चूक शोधायला वेळ लागला नाही. झाकायच्या शिव्यांत 'साला' होता, आणि तो 'मसाला'च्या पोटात सापडत होता. आधी एखादं अक्षर चिकटलेलं असेल तर तिकडं दुर्लक्ष करायचं, एवढंच करायचं होतं. सबिनानं प्रोग्रॅमला एक घर मागं बघायला लावलं. तिथं 'म' नव्हताच, कसलासा तुकडा होता. मग तिची ट्यूब पेटली. यंत्र मराठी अक्षर अख्खं ठेवतच नाही, एकेकाचे तीन तुकडे करून ठेवतं, आणि तिचा प्रोग्रॅम अक्षरं समजून तुकडेच मोजत बसला होता. स, काना, ल, काना, या चारांच्या बारा फुल्या त्यामुळंच झाल्या होत्या. तिनं त्याला अक्षरं मोजायला शिकवलं. 'मसाला' अख्खा उमटला.

पण नळावरच्या बायकांना कोण सांगणार? तिनं जाहिरातीखाली खुलासा जोडला, चूक आपली असल्याचं स्वच्छ लिहिलं, घाईघाईत कागद छापून पिराजीच्या दारावर लावला आणि अव्वांना हाताला धरून तिथं नेलं. बायडाबाई होतीच. तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'मसाला' या शब्दात '××××' ही शिवी दिसल्यामुळे... अगं, चार फुल्या हायतच की अजून!"

सबिनानं कपाळावर हात मारला. सुटी शिवी दिसताच प्रोग्रॅमनं आपलं काम चोख बजावलं होतं.

"ही मात्र खरी शिवी हाय, अव्वा."

"कंची?"

सबिनानं कानात सांगितली.

"साला?" शांतव्वा गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "एवढंच व्हय? आन् मी दोन दिस जेवली न्हाय!"

पिराजी हसला, बायडाबाई हसली, आणि मग शांतव्वांनाही आवरेना.

संध्याकाळी जिन्याखालून हाक आली.

"ए चार फुल्या, जेवलीस काय गं?"